पाण्याची वाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू आय.टी.मध्ये आहेस, ए.आय.वर बोल." मी म्हटलं, ए.आय.वर आता सगळेच बोलतात, आपल्या ग्रुपवर तर रोजच. मी खाडीवर बोलेन. पलीकडे थोडी शांतता पसरली. मग उत्तर आलं, "चालेल, पण पंधरा मिनिटांत आटप, जेवण गरम आहे." तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवून बोलते.

आपण या शाळेत होतो तेव्हाचं कोपरखैरणे आठवा. अर्धे सेक्टर बांधून झाले होते आणि अर्ध्यांत नुसती भरावाची लाल माती होती. पावसाळ्यात बुटात चिखल घेऊनच वर्गात यायचो आणि बाई दारातच थांबवायच्या. ठाणे-वाशी रेल्वे तेव्हा नव्हती, ती २००४ मध्ये आली. चौदा सेक्टरच्या बाजूला डम्पिंग ग्राउंड होतं. वारा फिरला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचो. आज तिथे निसर्ग उद्यान आहे आणि आपल्यातले निम्मे जण सकाळी तिथेच चालायला जातात. कचऱ्याच्या डोंगराची बाग होऊ शकते, हे आपल्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. एवढं लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथे येणार आहे.

आठवी-नववीत भूगोलाच्या बाईंनी भरती-ओहोटी शिकवली होती. फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले. आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहिलं. खाडी शाळेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होती, पण तिथे जाऊन भरती बघावी, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. अपवाद कोपरी गावातल्या आपल्या एका मित्राचा. तो कधीकधी उशिरा यायचा आणि कारण विचारलं की म्हणायचा, "सर, उधाण होतं." आपण हसायचो. तो आज समोर बसला आहे. आजच्या भाषणातला महत्त्वाचा भाग त्याचा आहे, माझा नाही.

आता मुद्द्यावर येते. नेरूळला सिडकोनं प्रवासी जलवाहतुकीसाठी जेट्टी आणि टर्मिनल बांधलं. शंभर कोटींहून अधिक खर्च झाला. त्याची चित्रं पहिल्यांदा व्हॉट्सअॅपवर आली तेव्हा ती आपल्या बॅचच्या ग्रुपवर कुणी टाकली होती, आठवतं? मीच टाकली होती. खाली अंगठ्याचे आठ इमोजीही लावले होते. माझं ऑफिस तेव्हा लोअर परळला होतं. रोज जायला पावणेदोन तास आणि यायला दोन. काचेच्या केबिनमध्ये बसून समुद्रातून मुंबईला जायचं, हे चित्र पाहून मी विरघळले. कुणीतरी तिवरांचा विषय काढला, तर मी लिहिलं होतं, "प्रत्येक गोष्टीला विरोध करणारे लोक असतातच." तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. कालच पुन्हा वाचला. आज मी बोलणार आहे ते आधी मला स्वतःलाच सांगावं लागलं, हे तुम्हाला कळावं म्हणून ही कबुली.

त्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक पाणथळ जागा आहे. लोक तिला डी.पी.एस. तलाव किंवा फ्लेमिंगो तलाव म्हणतात. सुमारे ३० एकरांचा हा तलाव विहिरीसारखा किंवा धरणासारखा नाही. त्याचं पाणी खाडीतून येतं. भरतीला आत शिरतं, ओहोटीला बाहेर पडतं.

फ्लेमिंगोला तलाव कशाला हवा, खाडी आहे की, असं मलाही वाटायचं. ते मी जरा सावकाश सांगते, कारण सगळा वाद इथेच आहे.

फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, पावसाळ्यानंतर आपल्याकडे येतात. मोठ्या संख्येनं येतात ते मुख्यतः गुजरातेतून, कच्छच्या रणाच्या बाजूनं, आणि मे-जूनपर्यंत राहतात. धाकट्या जातीचे पक्षी चिखलातलं निळं-हिरवं शेवाळ खातात. थोरले त्याबरोबर बारीक जलचरही टिपतात. हे खाणं ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात मिळतं. पण भरती आली की त्या चिखलावर पुरुषभर पाणी चढतं. धाकटा फ्लेमिंगो जेमतेम तीन फूट उंचीचा. त्याला उभं राहायला जागाच उरत नाही. मग पुढचे काही तास, ओहोटी लागेपर्यंत, थव्यांना उथळ पाण्याची, माणसांपासून आणि कुत्र्यांपासून सुरक्षित अशी जागा लागते. नेरूळ-सीवूड्सकडची तळी ही ती जागा. ताटात वाढलेलं जेवण खाडीत आणि विसाव्याची खोली तळ्यात. एक काढून घेतलं तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा बफर आहे. एका प्रणालीवर अचानक भार आला की तो तात्पुरता साठवायला जी जागा ठेवतात, ती. ती जागा दिवसातले बरेच तास रिकामी दिसते. नव्या माणसाला वाटतं, एवढी मेमरी वाया का घालवली? तो ती काढून टाकतो आणि ऐन गर्दीच्या वेळी सगळं कोसळतं. मी वीस वर्षांत दोनदा हे होताना पाहिलं आहे. एकदा तर काढून टाकणारी मीच होते.

आपलं शहरसुद्धा याच तत्त्वावर उभं आहे, हे आपण विसरतो. कोपरखैरणे, वाशी हा सगळा भाग खाजण भरून वर काढलेला. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी आपल्या अनेक रस्त्यांपेक्षा वर असते. म्हणून सिडकोनं होल्डिंग पाँड आणि झडपा ठेवल्या. भरती चढली की झडपा मिटतात, समुद्र आत येत नाही. तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी निघून जातं. आपल्या घरात पाणी का शिरलं नाही, याचं उत्तर बऱ्याचदा त्या दुर्लक्षित, गाळानं भरत चाललेल्या तलावात असतं. आपल्याला जसा होल्डिंग पाँड लागतो, तसाच पक्ष्यांनाही लागतो.

तर, त्या तलावात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा जेट्टीच्या रस्त्याच्या कामात बुजल्या. २०२४ चा उन्हाळा आला तेव्हा तलाव आटला. जानेवारी-फेब्रुवारीतच जेट्टीच्या वाटेवरच्या एका मोठ्या फलकावर आपटून काही फ्लेमिंगो मेले होते. तो फलक नंतर काढला गेला. एप्रिलमध्ये काही दिवसांच्या अंतरानं मेलेले आणि जखमी पक्षी सापडू लागले. आणि गंमत बघा, गंमत कसली, पण शब्द सुचत नाही. हे सगळं चाललं होतं तेव्हा त्या टर्मिनलवरून एकही नियमित प्रवासी बोट सुटत नव्हती. मी ज्या बोटीसाठी अंगठे दाखवले होते, ती बोटही नव्हती आणि तलावात पाणीही नव्हतं.

त्याच वर्षी २० मेच्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेत सुमारे चाळीस फ्लेमिंगो मेले. तलाव आटल्यामुळेच ते तिकडे गेले, असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. पण एवढं साधं गणित कुणालाही करता येईल की विसाव्याची जागा गेली म्हणजे थवे नाहीसे होत नाहीत, दुसरीकडे जागा शोधत उडतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या शेजारी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पक्षी कुठे उतरतात हे आपल्याला ठाऊक असणं, त्यांची जागा ठरलेली असणं, हे विमानात बसणाऱ्यांच्याही हिताचं आहे.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती मे २०२४ मधल्या एका रविवारी. मुलगी बरोबर होती. तिला गुलाबी पक्षी दाखवायचे होते. समोर भेगाळलेला चिखल होता. मुलीनं विचारलं, "आई, इथे पाणी कुठून यायचं?" मी इंजिनीअर. मला उत्तर देता आलं नाही. पाणी कुठून येतं आणि कुठून जातं, हा कुठल्याही बांधकामातला पहिला प्रश्न. मी कधी विचारलाच नव्हता.

घरी येऊन मी एका कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यांनी दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसऱ्यानं पहिल्याचं नाव सांगितलं. सॉफ्टवेअरमध्ये याला अनंत लूप म्हणतात आणि अशा वेळी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करतात. इथे ती सोय नव्हती. पण मी एकटी नव्हते, आणि खरं तर मी फार उशिरा आलेली होते. नेरूळ-सीवूड्सचे रहिवासी, पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्था कित्येक वर्षं लढत होत्या. तिथल्याच पाणथळ जागांवरचा गोल्फ कोर्सचा प्रकल्प २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द ठरवला, तो अशाच नागरिकांच्या याचिकेवर. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं तिवरांची तोड हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, असा निकाल दिला. ही मंडळी सकाळी मानवी साखळीत उभी राहत होती, तेव्हा मी इमोजी टाकत होते.

पुढचं बहुतेकांनी पेपरात वाचलं असेल. सरकारनं समिती नेमली. पाण्याच्या वाटा मोकळ्या झाल्या. मधल्या काळात साचलेल्या पाण्यावर शेवाळाचा जाड थर आला होता. भरतीचं पाणी खेळू लागल्यावर तो ओसरू लागला आणि पक्षी परतले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मंजुरी दिली. कोट्यवधींचं यंत्र लागलं नाही, परदेशी तज्ज्ञ लागला नाही. पाण्याची वाट मोकळी केली, बाकीचं काम भरती-ओहोटीनं केलं. आता कचऱ्याच्या डोंगराची बाग आठवा. बिघडलेलं दुरुस्त होतं, पण आधी ते बिघडलं आहे हे कुणीतरी मान्य करावं लागतं.

आता त्या दुसऱ्या भागाकडे येते.

तलाव आटला होता तेव्हा मी ग्रुपवर एक मोठा मेसेज टाकला. सह्या हव्या होत्या. एका मित्राचं लगेच उत्तर आलं, "अगं, शंभर पक्ष्यांसाठी लाखो माणसांची बोट अडवणार का?" प्रश्न चुकीचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मीच तो विचारला असता. मी त्याला लिहिलं की बोटीला माझा विरोध नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडून मुंबईला हॉवरक्राफ्ट जायचं. २०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू झाली, तिला पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत. बोट चालायची असेल तर तिकीट परवडलं पाहिजे आणि धक्क्यावर उतरल्यावर पुढची बस मिळाली पाहिजे. तलावाचं तोंड बुजवल्यानं तिकीट स्वस्त होत नाही. रस्त्याखालून पुरेशा रुंदीचे पाइप ठेवले असते, त्यांची दरवर्षी सफाई केली असती, तर जेट्टीही राहिली असती आणि तलावही.

हे लिहून मला जरा बरं वाटलं. मग आपल्या कोपरी गावच्या मित्राचा फोन आला. मला वाटलं, हा तर खाडीचाच माणूस, शाबासकी देणार. तो म्हणाला, "सही करतो. पण एक विचारू? तुमचे फ्लेमिंगो मेले तेव्हा तुम्हाला खाडी दिसली. आमची कोळंबी गेली, चिंबोरी गेली, निवट्या गेल्या, तेव्हा तुम्ही कुठे होता? बाबा जाळं टाकायचे तर हातभर मासळीला चार हात प्लॅस्टिक यायचं. कारखान्यांचं पाणी नाल्यातून येऊन अंगाला खाज सुटायची. तेव्हा कोणी साखळी केली नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आपण ज्या इमारतींत राहतो त्या कुणाच्या तरी खाजणावर, भातशेतीवर, मिठागरावर उभ्या आहेत. या गावांतल्या लोकांनी जमिनी दिल्या, त्यासाठी आंदोलनं केली, १९८४ मध्ये जासईला गोळ्या झेलल्या. मग आपण आलो, दोन बेडरूमचे फ्लॅट घेतले आणि बाल्कनीतून दिसणाऱ्या हिरव्या पट्ट्याला 'व्ह्यू' म्हणू लागलो. आज भराव थांबवा असं म्हणणारी मी स्वतः भरावावर राहते. हे मान्य केल्याशिवाय मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

पण तो मित्र तेवढ्यावर थांबला नाही. पुढच्या पौर्णिमेला मला खाडीवर घेऊन गेला. पूर्ण भरती बारा-साडेबाराला होती. आपल्याकडे उधाणाची भरती साधारण मध्यान्हीच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला येते. बाई, हे तुम्ही शिकवलं असणार, मी विसरले होते. त्यानं दाखवलं की पाणी आधी कुठल्या खाचेतून शिरतं, तिवरांची श्वासमुळं कशी हळूहळू बुडतात, भांगाच्या दिवसांत पाणी कुठपर्यंतच येतं आणि उधाणाला कुठपर्यंत जातं. म्हणाला, "पक्षी उतरतात ना, तिथला चिखल जिवंत असतो. चिखल जिवंत तर मासळी येते. पक्षी आमचे वैरी नाहीत. ते आमचे निरोपे आहेत." तीस वर्षांपूर्वी "सर, उधाण होतं" म्हणणाऱ्या मुलाला आपण हसलो होतो. त्या वर्गात भूगोल येणारा तो एकटाच होता.

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये गौरव झाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत आली. त्याच वर्षी सहा फ्लेमिंगोंना उपग्रहाशी जोडलेले टॅग लावून सोडलं गेलं. त्यातल्या एकाचं नाव चक्क 'नवी मुंबई' ठेवलं होतं. मला हे फार आवडतं. आपल्या शहराच्या नावाचा एक पक्षी खाडीवरून उडत होता. त्या नावाची लाज राखायची की नाही, हे आपल्या हातात आहे.

काम संपलेलं नाही. मंडळाची मंजुरी ही पहिली पायरी. हद्द आखणं, देखभाल कोणी करायची ते ठरणं, ती दरवर्षी होणं, हे पुढचं आणि कंटाळवाणं काम आहे. शिवाय खाडीकाठावर धक्के, जेट्ट्या, मरिना यांच्या योजना येतच राहणार. बेलापूरच्या मरिनाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. प्रत्येक योजना वाईट असेल असं नाही. पण प्रत्येक योजनेला तो एक प्रश्न विचारावाच लागेल, जो माझ्या मुलीनं विचारला.

म्हणून दोन मागण्या.

पहिली त्यांच्यासाठी, जे आज महापालिकेत, सिडकोत, बांधकामात, कन्सल्टन्सीत आहेत. आपल्या बॅचमधले असे नऊ जण मी मोजले. तुमच्या टेबलावर नकाशा येईल तेव्हा सही करण्याआधी विचारा: पाणी कुठून येतं, कुठून जातं, आणि हे झाल्यावर कुठून जाईल? उत्तर मिळालं नाही तर सही एक दिवस उशिरा करा. एवढंच. आंदोलन करा असं मी म्हणत नाही.

दुसरी आपल्या सगळ्यांसाठी. गेलं वर्षभर मी आणि आपल्या तीन मैत्रिणी पौर्णिमा-अमावास्येच्या जवळच्या रविवारी दुपारी तलावावर जातो. भरतीच्या वेळी पाणी आत येतं का ते पाहतो, त्याच जागेवरून फोटो काढतो, तारीख आणि वेळ लिहितो. एक साधी एक्सेल शीट आहे. यात कसलीही हुशारी नाही. पण पुढच्या वेळी पाणी थांबलं तर "कधीपासून?" या प्रश्नाला आमच्याकडे तारखेसह उत्तर असेल. २०२४ मध्ये ते माझ्याकडे नव्हतं. कोपरखैरण्याच्या आपल्या काठावरही अशी नोंद सुरू करायची आहे, कारण नाल्यातून खाडीत जाणारं काळं पाणी नेरूळचं नाही, आपल्याच दारातलं आहे. माणसं हवी आहेत. नाव नोंदवायला दाराशी वही ठेवली आहे, जेवणाच्या रांगेच्या आधी. जागा मुद्दाम निवडली आहे.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती. या मेळाव्याच्या निधीतून उरणाऱ्या रकमेत शाळेसाठी चार दुर्बिणी येतील. आठवीच्या मुलांना वर्षातून दोनदा, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, खाडीवर न्या. शिकवायला आमचा कोपरीचा मित्र येईल. मी त्याला विचारलं आहे. तो म्हणाला, "येतो. पण या वेळी उशीर झाला तर वर्गाबाहेर उभं करू नका."

बाई, फळ्यावरचा तुमचा चंद्र आम्हाला समजायला तीस वर्षं लागली. पुढच्या मुलांना एवढा वेळ लागू नये.

पंधरा मिनिटं झाली. जेवण गरम आहे.